गावाच्या इतिहास मंडळाची सचित्र व्याख्यानं: चित्रं किती दाखवावीत?

प्रश्न: मंडळाची व्याख्यानमाला यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. मागच्या वक्त्याने तासाभरात १४० चित्रं दाखवली, पुढच्या रांगेतले आजोबा चक्क घोरत होते. मला जमिनीच्या जुन्या नकाशांवर बोलायचंय. चित्रं किती घेऊ? आणि घराघरांतून आलेले फोटो स्कॅन कसे करू?

उत्तर १: चाळीसच्या वर जाऊ नका. नकाशा तर दोन-तीन मिनिटं पडद्यावर राहू द्या, लोक आधी आपलं घर शोधतात. ते सापडेपर्यंत तुमचं कुणी ऐकत नाही! आधी पूर्ण नकाशा, मग एकेक कोपरा मोठा करून.

उत्तर २: सहा बाय चार इंची फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात. फुल एचडी प्रोजेक्टर दाखवतो १९२० बाय १०८०, म्हणजे मोठं करायलाही वाव उरतो. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या पारदर्शक स्लाइड मात्र फक्त ३६ बाय २४ मिलिमीटरच्या, त्यांना किमान २४०० डीपीआय हवं. आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. नाव, साल, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

प्रश्नकर्ता: मागची बाजू! चाळीस फोटो तसेच परत देऊन बसलोय. उद्या पुन्हा दारोदार.

उत्तर १: मग जाताच आहात तर फोटोतली माणसं कोण तेही विचारून घ्या. आणि दाखवायची परवानगी लेखी.