'माजी शिष्य' असं म्हणता येतं का?

प्रश्न
एक दीर्घकथा लिहिते आहे. ग्वाल्हेर, लष्कर भागातलं गाण्याचं घर, एक बुवा आणि फार वर्षांपूर्वी त्यांना सोडून गेलेला, आता नावारूपाला आलेला गायक. 'बुवांचे माजी शिष्य' असं लिहिलं आणि अडखळले. आमच्याकडे हिंदीच्या संगतीनं 'जुना शागीर्द' म्हणतात, पण त्यात दुरावा येत नाही. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद
ताई, अडखळलात ते योग्यच. 'माजी' पदाला लागतो: माजी आमदार, माजी सरपंच. माजी विद्यार्थीही चालतो, कारण शाळेचा दाखला हातात पडतो. शिष्याला दाखला नाही. गुरूनं शिष्याच्या हाताला गंडा, म्हणजे दोरा, बांधायचा समारंभ असतो, सोडायचा कोणी ऐकला आहे? नवराबायकोला काडीमोड आहे, भावाभावांना वाटणी आहे; या नात्यासाठी तसा शब्दच मराठीनं घडवला नाही. वाचक अशा जोडीला सोडू शकत नाही तो यामुळेच, असं मला वाटतं. दोघं एकमेकांपासून कितीही लांब गेले तरी बुवांची सम (तालाची पहिली मात्रा) गाठायची लकब त्याच्या गळ्यात राहणार. त्याला टाळी पडेल तेव्हा ती कोणाला पडली, हे दोघांनाही कळणार.

पर्यायांचं म्हणाल तर 'गुरुद्रोही' नको, त्यात निकाल आधीच लागतो. 'शागीर्द' गोड आहे, पण पेशवे दफ्तरात 'शागीर्दपेशा' म्हणजे नोकरचाकर. ती चाकरीची छटा हवी असेल तरच घ्या. 'गुरूची विद्या गुरूला फळली' ही म्हण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी शोभेल, कारण ती टोमणा आहे. तिच्या अगदी उलट 'शिष्यादिच्छेत् पराजयम्': शिष्याकडून हार व्हावी अशीच इच्छा धरावी. तुमच्या बुवांना ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी वाटली पाहिजेत. महाभारतात द्रोण अर्जुनाकडे गुरुदक्षिणा मागतात ती काय? मी तुझ्याशी लढायला उभा राहिलो तर तूही माझ्याशी लढ. युद्ध अजून कुठेच नाही आणि त्याची परवानगी गुरूनं आधीच देऊन ठेवली आहे. पुढे अर्जुन लढतो तेव्हा तो आज्ञा मोडतो की पाळतो, हे सांगता येत नाही. पात्र असं अडकलेलं हवं.

आणि दुरावा नामात शोधू नका, क्रियापदात शोधा. बुवा त्याला आयुष्यभर 'ये रे, बैस' म्हणत आले. इतक्या वर्षांनी तो दारात उभा राहतो आणि बुवा म्हणतात, 'या, बसा.' आदरार्थी बहुवचनानं केवढा घाव घालता येतो! तो मात्र पूर्वीसारखाच पायांशी वाकतो.

आणखी एक प्रतिसाद
वरच्याशी सहमत, पण ग्वाल्हेरची कथा लिहिताना तिथल्या ख्यालगायक हस्सू खाँची आख्यायिका विसरू नका. दौलतराव शिंद्यांच्या दरबारातले बडे महंमद खाँ आपली तानबाजी कोणाला देत नसत. हद्दू-हस्सू खाँ बंधूंनी म्हणे पडद्याआड बसून ती ऐकून उचलली. हे उघड झाल्यावर बडे महंमद खाँनी भर मैफलीत हस्सू खाँला 'कडक बिजली'ची तान घ्यायला लावली. ती पेलताना त्याला प्राणांतिक इजा झाली असं सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवा. ज्यानं गंडा बांधला नाही, उलट चोरून ऐकलं, त्याला शिष्य म्हणायचं का? माझ्या मते म्हणायचं, कारण तान ओळखणारे पहिले कान बडे महंमद खाँचेच होते. तुमच्या कथेत बुवांनी न दिलेली एखादी चीज, म्हणजे बंदिश, त्या मुलानं भिंतीआडून उचललेली असू द्या. ती रेडिओवर लागते, काकू आवाज कमी करायला उठतात, आणि बुवा बोटानंच 'राहू दे' म्हणतात. रागावलेत की ऐकतायत, ते तुम्ही सांगू नका.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. 'माजी' काढून टाकला. निवेदनात 'बुवांकडे शिकलेला' ठेवते, गावाच्या तोंडी 'बुवांचा'. 'या, बसा' घेतेच आहे. फक्त एक विचारते: त्यावर त्यानं 'बसतो' म्हणावं, की उभंच राहावं?

प्रतिसाद
बसू दे. पण सतरंजीवर, पूर्वीच्या जागी. बुवांनी दाखवलेल्या खुर्चीवर नाही.