शंका मनात ठेवून बायबल अभ्यासाला बसणे ही फसवणूक आहे का?

शीला, शरणपूर रोड
ज्यांना त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) किंवा येशूचा कुमारीजन्म (कुमारी मरीयेपोटी जन्म) पटत नाही त्यांनी घरोघरच्या बायबल अभ्यासाला येऊ नये, मनात एक ठेवून ओठांनी ‘आमेन’ म्हणणे ही मंडळीची फसवणूक आहे, असे काल एका बंधूंनी लिहिले. ते वाचून मला राहवत नाही. येशूचा शिष्य थोमा याने प्रभू मरणातून उठल्याची वार्ता साफ नाकारली, तरी आठ दिवसांनी तो शिष्यांबरोबरच घरात होता (योहानाचे शुभवर्तमान, अध्याय 20) आणि प्रभूने त्याला तिथेच गाठले. पंडिता रमाबाईंनी 1883 साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही त्रैक्य त्यांच्या मनाला पटत नव्हते. त्यांनाही आपण दाराबाहेर उभे करणार का?

सॅम्युएलकाका, नाशिकरोड
शीलाताई, दोन्ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. थोमा सर्वांसमोर बोलला, रमाबाईंनी इंग्लंडमधल्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून उघड वाद घातला. माझा आक्षेप शंकेला नाही, लपवण्याला आहे. माझी पत्नी अंथरुणाला खिळलेली असताना ज्या गृहस्थांचा हात धरून मी प्रार्थनेत रडलो, त्यांचा प्रार्थनेवर विश्वासच नव्हता, हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळले.

विजय, देवळाली
रमाबाईंचे नाव अर्धवट घेऊ नका. त्यांनीच पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले. संशय कुरवाळत बसणाऱ्याच्या हातून हे झाले नसते.

शीला
विजयदादा, ते झाले कारण शंका असतानाही त्या ख्रिस्ताला धरून राहिल्या. काका, तुमचे दुःख मला कळते, पण माणसे लपवतात का, हेही पाहा. मरीयेचा पती योसेफ याचा बाप मत्तयाच्या शुभवर्तमानात याकोब आणि लूकच्या शुभवर्तमानात एली कसा, एवढेच आमच्या गटातल्या एका मुलीने विचारले. अभ्यास घेणाऱ्यांनी पुस्तक मिटले, ‘हिच्या विश्वासासाठी प्रार्थना करू’ म्हणून सर्वांना डोळे मिटायला लावले आणि रात्री तिच्या आईला फोन केला. ती आजही येते, ओळी वाचून दाखवते, पण विचारत काही नाही. तिला फसवी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

विजय
वंशावळीचा प्रश्न आणि त्रैक्य नाकारणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

सॅम्युएलकाका
अंतर आहेच. तरी आईला फोन करणे चुकीचे होते, एवढे मी मान्य करतो, त्यापुढे नाही. मुलीने जरूर बसावे. मात्र ज्याचा विश्वास उरला नाही, त्याने आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना चालवायला उभे राहू नये.