५८ मुलांचा वर्ग आणि पत्रातला अर्धा मार्क: तपासायचं किती, मागायचं किती?

आठवीच्या मराठीच्या बाई
परवा रात्री पावणेदहाला एका पालकांचा मेसेज आला, ‘पत्रलेखनात अर्धा मार्क का कापला?’ मी कारण सांगितलं. लगेच दुसरा आला, ‘नुसते आकडे नकोत, प्रत्येक उत्तराखाली काय चुकलं ते लिहून द्या.’

मागणी चुकीची नाही, पण हिशेब बघा. अनुदानित शाळेत मी तीन तुकड्यांना शिकवते. प्रत्येकीत ५८ मुलं, म्हणजे १७४ उत्तरपत्रिका. एकीला आठ मिनिटं धरली तरी २३ तास लागतात. दिवसाला एखादी तासिका मोकळी मिळते, तीही कुणी रजेवर असलं की बदली तासात जाते. मग गठ्ठा घरी येतो. प्रत्येक पेपरवर दोन मिनिटांचा शेरा लिहायचा तर आणखी पावणेसहा तास हवेत. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. अर्ध्या मार्कासाठी पालक शाळेत येतात, वर्गात ५८ मुलं का हे विचारायला आजवर एकही आलेला नाही.

सहावीतल्या मुलीची आई
बाई, तुमचे कष्ट मी नाकारत नाही. पण माझ्या मुलीची गणिताची वही समोर उघडी आहे. तीन चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश बरोबर चार अष्टमांश, असं तिने लिहिलंय. शेजारी लाल पेनाने बरोबरची खूण, खाली तारीख आणि सही. पुढच्या तीन पानांवर तीच चूक आणि तीच खूण. घटक चाचणीत २० पैकी ६ आले तेव्हा मला कळलं.

त्याच कायद्याचं कलम २४ वाचा. पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. पालकसभेत पाऊण तास रांगेत उभं राहून मला ऐकायला मिळालं, ‘घरी जरा अभ्यास घ्या.’ कशाचा घेऊ? तेच तर मला विचारायचं होतं. शेवटी शिकवणी लावली.

झेडपीचे गुरुजी
आमची शाळा द्विशिक्षकी, पट ३१. तुम्हाला वाटेल आरामात तपासून होत असेल. दोन इयत्ता एकत्र घेऊन बसायचं, त्यात पोषण आहाराची रोजची माहिती, यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरणं, वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. मतदार याद्या घेऊन दारोदार फिरून आल्यावर वह्या हातात घेतो. शिक्षकाला निवडणुकीचं काम देणंच बेकायदेशीर आहे, पालकांनी यावर बोलावं.

निवृत्त मुख्याध्यापक
गुरुजी, बेकायदेशीर नाही. कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना शिक्षणेतर काम देण्यावरच्या बंदीतून वगळली आहेत. बाकीच्या माहित्यांबद्दल भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.

त्या आईंना एक सांगायचंय. ती लाल खूण तुमच्या मुलीसाठी नव्हतीच, ती माझ्यासारख्यांसाठी होती. तपासणीला अधिकारी आले की वही उघडून सही आहे का एवढंच बघतात, म्हणून मीही शिक्षकांकडून सह्याच मागितल्या. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिकवर, म्हणजे वर्षभर शिकताना होणाऱ्या मूल्यमापनावर, प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. कल्पना उत्तम होती. माझ्या शाळेत एका वर्गातल्या अकरा मुलांसमोर एकच नोंद होती, ‘स्वतःचे मत आत्मविश्वासाने मांडते’. त्यातली एक मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडून बोलली नव्हती. त्या पानावर खाली माझी सही आहे. निवृत्तीनंतरही ते पान डोळ्यांसमोरून जात नाही.

नववीचे विज्ञान शिक्षक
बाई, मी शिक्षकच आहे, पण तुमचा हिशेब मला पटत नाही. प्रत्येक पेपरवर शेरा लिहायची गरजच नाही. तपासताना मी शेजारी एक कागद ठेवतो आणि कोणती चूक किती जणांची, त्याच्या रेघा मारतो. मागच्या चाचणीत ४१ जणांनी वस्तुमान आणि वजन एकच धरलं होतं. पेपर वाटले त्या दिवशी अख्खी तासिका त्यावर घेतली, मुलांनी हिरव्या पेनाने आपली उत्तरं दुरुस्त केली. मार्क दुसऱ्या दिवशी सांगितले. आधी आकडा दिसला की पोरं पेपराची घडी घालून दप्तरात टाकतात. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे गेली. शेरा आणि मार्क दोन्ही मिळालेल्यांना तसा फायदा झाला नाही. पण त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न, मार्क का लपवले?

दहावीच्या मुलाचे वडील
कारण पुढे प्रवेश मार्कांवरच मिळतो, सर. शेऱ्यावर नाही. काम घरी आणणं कुठल्या नोकरीत नाही? कायद्यात आठवड्याचे ४५ तास धरलेत, तयारीसकट. तपासणी त्यात बसवा.

आठवीच्या मराठीच्या बाई
परीक्षेच्या आठवड्यात शाळा बंद नसते, दादा. तासिका चालूच असतात, त्यात हे २३ तास बसत नाहीत.

पण वहीचं वाचल्यापासून मला चैन नाही. काल गठ्ठा पुन्हा उघडला. त्या पत्रात मुलाने दिनांक लिहिलाच नव्हता. मी अर्धा मार्क कापून पुढे गेले होते. ‘दिनांक राहिला’ हे दोन शब्द लिहायला दोन मिनिटं लागली नसती. तेवढं माझं चुकलं. ५८ चा आकडा मात्र तिथेच आहे. आठवड्याला दहा वह्या ओळ न् ओळ वाचून तपासेन, बाकीच्यांवर सहीही करणार नाही. सही नसलेली वही पालकांना चालेल का?

सहावीतल्या मुलीची आई
मला चालेल. न बघता केलेली खूण नको. आमच्या शाळेतही शनिवारच्या सभेत हेच मांडणार आहे, बाकीचे पालक ऐकतील की नाही बघू.

काल रात्री भाकरीचे चार तुकडे केले. तीन ताटात ठेवले, चौथा त्यांना लावला, अख्खी भाकरी झाली. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग वही पुढे सरकवून म्हणाली, ‘पण बाईंनी बरोबर दिलंय.’