३८३ स्ट्रोकर: एकाच पिस्टनचा क्लिअरन्स ०.०५ की ०.०९?

नवा_क्रँक:
शेव्हर्ले ३५० (घनइंच) इंजिनचा ब्लॉक घेऊन ३८३ घनइंचाचं स्ट्रोकर, म्हणजे वाढीव स्ट्रोकचं इंजिन, बांधतोय. स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ९५.२५ मिमी, कनेक्टिंग रॉड १४४.७८, पिस्टन २६१८ या ॲल्युमिनियम अलॉयचे फोर्ज्ड, १०२.३६ बोअरसाठीचे (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास; सगळी मापं मिमीत). पिस्टनच्या कागदावर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) ०.१० लिहिलाय. होनिंग (सिलिंडर दगडाने घासून मापावर आणणं) होऊन ब्लॉक आला, बोअर १०२.३१ भरतो. ऑईल रिंगच्या लगेच खाली मायक्रोमीटर लावला तर पिस्टन १०२.२२, म्हणजे क्लिअरन्स ०.०९. होनिंगवाले म्हणतात तो ०.०५ आहे आणि घट्टच चांगला, आवाज येणार नाही. कोणाचं माप धरू? असंच बसवलं तर चालेल का? वरच्या रिंगा घासून ०.४६ गॅपवर (रिंगच्या दोन टोकांमधली फट) आणल्यात.

मायक्रॉन:
माप बहुतेक त्यांचंच बरोबर निघेल, सल्ला मात्र ऐकू नका.

पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि सरळही नसतो. गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) दिशेने तो अंगाने कमी असतो, पिनला काटकोनात जास्त. वर डोकं जास्त तापतं म्हणून तिकडे निमुळता ठेवलेला असतो. ऑईल रिंगखाली मोजलं की पिस्टन लहान दिसतो आणि क्लिअरन्स उगाच मोठा. कागदावर मापाची जागा दिलेली असते, स्कर्टच्या (पिस्टनचा रिंगांखालचा भाग) खालच्या कडेपासून अमुक मिमी वर, पिनला काटकोनात. तिथेच मोजा. स्कर्टवर कोटिंग असेल तर माप कोटिंगसकट धरायचं की वगळून, तेही कागदावर बघा. बोअर गेजचा शून्य त्याच मायक्रोमीटरवर लावा. ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर एकाच खोलीत राहू द्या.

आता ०.०५ का चालत नाही. ४०३२ अलॉयमध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, २६१८ मध्ये जवळपास नाहीच. या मापाचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर २६१८ चा ४०३२ पेक्षा साधारण ०.०३ मिमी जास्त फुगतो. ०.०५ ही ४०३२ ला शोभणारी फिट आहे. २६१८ ला ती दिली तर लोड आल्यावर ऑईलची फिल्म तुटते आणि पिनच्या दोन्ही बाजूंना, स्कर्टच्या चार कोपऱ्यांवर, उभे ओरखडे उठतात. थंड इंजिनात २६१८ चा थोडा खडखडाट होणारच, तापल्यावर तो जातो.

नवा_क्रँक:
कागदाप्रमाणे खालच्या कडेपासून १२.७ मिमीवर मोजलं. १०२.२६ आलं, आठही पिस्टन एकसारखे. म्हणजे क्लिअरन्स ०.०५ च.

होन_आणि_दगड:
मग बोअर १०२.३६ वर न्यावाच लागेल, व्यासात ०.०५. ड्रिलला लावायच्या ब्रशने हे काम करू नका, बोअर वाकडा होतो. होनिंग मशीनवर, टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून, हेडचेच बोल्ट आणि त्याच जातीचं गॅस्केट वापरून पूर्ण टॉर्क देऊनच करा. बोल्ट आवळले की बोअर आकार बदलतो, सुट्या ब्लॉकवर काढलेली गोलाई हेड बसल्यावर राहत नाही. नंतर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजा.

रिंगा आधी घासल्यात, ते अडचणीचं आहे. बोअर ०.०५ ने वाढला की परीघ ०.१६ ने वाढतो, म्हणजे ०.४६ चा गॅप थेट ०.६२ होईल. वरच्या रिंगा नव्या, फाइल करून बसवायच्या प्रकारातल्या घ्या आणि होनिंग संपल्यावरच घासा. साध्या पेट्रोल इंजिनाला, टर्बो नसेल तर, वरची ०.४६, दुसरी ०.५१. गॅप कमी पडला तर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची रिंग-लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटते, म्हणून शंका असेल तेव्हा थोडा जास्तच ठेवा. घासताना एकाच टोकावर, बाहेरून आत.

धुताना गरम पाणी, साबण, ब्रश. रॉकेल-पेट्रोलने दगडाची भुकटी खाचांत तशीच बसते. पांढरं फडकं ऑईलमध्ये भिजवून फिरवा, ते करडं येत असेल तर पुन्हा धुवा. मग लगेच ऑईल लावा, नाहीतर बघता बघता गंज धरतो.

क्रँककेस:
होनिंगला पाठवायच्या आधी एक कोरडी जुळणी करून घ्या, रिंगा न लावता. स्ट्रोकरमध्ये भिंतीपेक्षा इतर ठिकाणी जास्त अडतं. कॅम आणि टायमिंग चेन खुणेवर बसवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. रॉडचे बोल्ट कॅमला आणि ब्लॉकच्या खालच्या कडेला, क्रँकचं बॅलन्सचं वजन पिस्टनच्या स्कर्टला, सगळीकडे किमान १.५ मिमी हवं. कमी असेल तिथे घासा. ब्लॉकचं घासणं धुण्याआधी, रॉडचं बॅलन्सिंगआधी.

डेकचा (ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग) हिशोब: स्ट्रोकचं अर्धं ४७.६३, रॉड १४४.७८, पिस्टनची पिनपासूनची उंची ३६.२० असेल तर बेरीज २२८.६१. मूळ डेक क्रँकच्या मध्यापासून २२९.२४, म्हणजे पिस्टन ०.६३ खाली. त्यावर १ मिमीचं गॅस्केट टाकलं तर क्वेंच (वर आलेला पिस्टन आणि हेड यांतलं अंतर) १.६ होतो आणि नॉकिंगला वाव मिळतो. ०.३८ चं स्टील गॅस्केट घ्या, म्हणजे १.०१ येईल. पण ते गॅस्केट अगदी सपाट डेकवरच धरतं. डेक घासणार असाल तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधला क्लिअरन्सही तेवढाच कमी होतो, हे धरून चला.

तो क्लिअरन्स टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) १० अंश इकडे-तिकडे तपासा: इनटेक नंतर, एक्झॉस्ट आधी. इनटेकला किमान २.० मिमी, एक्झॉस्टला २.५.

मायक्रॉन:
शेवटी बसवताना व्हॉल्व्हच्या खाचा आणि पुढची खूण जागेवर आहेत ना ते बघा, रॉडची चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असलेली बाजू क्रँकच्या गोलाईकडे. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके. अडला तर पुढे ठोकू नका. रिंग कॉम्प्रेसरमधून बाहेर उसळलेली असते, पिस्टन काढून पुन्हा सुरू करा.