लाकडी घाण्याच्या तेलाचा पहिला व्हिडिओ करायचाय, काय दाखवू?

करडईताई, बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा आणि करडई वर्षभर, तीळ आणि खोबरं मागणीप्रमाणे. आजवर गिऱ्हाईक ओळखीतूनच आलं. आता लेक म्हणतो व्हिडिओ करू, पुण्यात स्थायिक झालेली आपलीच माणसं तेल मागवतील. एका शूटिंगवाल्याला विचारलं, तर ड्रोन आणि दोन मॉडेल धरून चाळीस हजार सांगितले. एवढे पैसे मी करडईत घालीन. म्हणून फोनवरच करायचं ठरवलंय.

मजकूर असा लिहिलाय: 'शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक पद्धतीचं तेल. कोलेस्टेरॉलमुक्त. हृदयविकार व सांधेदुखीवर गुणकारी. एकदा अवश्य भेट द्या.' तो मी वाचणार. पण कॅमेरा समोर आला की माझा आवाज बदलतो. सासूबाई मात्र मोकळ्या बोलतात, त्यांच्या माहेरी बैलघाणा होता. दुसरी अडचण, मोटर चालू असताना काही ऐकू येत नाही. आणि ट्यूबच्या उजेडात शूट केलं की पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकत राहतात. कसं करावं?

चौथा कॅमेरा, पंढरपूर

ताई, लग्नाची शूटिंग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आता दुकानदारांचे छोटे व्हिडिओ करतो. तुमचा मजकूर वाचला. त्यातलं एक वाक्यही तुमच्याच घाण्याचं वाटत नाही. तेलाच्या कुठल्याही डब्यावर ते खपून जाईल. मला सांगा, दुकानात येणारा माणूस पहिलं काय विचारतो? माझा अंदाज आहे, 'एवढं महाग कसं?' हाच तुमचा व्हिडिओ. बाकी सगळं पुढच्या वेळी.

उत्तर तोंडाने देऊ नका, दाखवा. अडीच किलो शेंगदाणे काट्यावर घ्या, आकडा दिसू द्या. ते उखळात ओता. लाट, म्हणजे उखळातला लाकडी दांडा, फिरतेय, दाण्याचा चुरा होतोय, मग कडेने तेल सुटायला लागतं, तो क्षण अगदी जवळून घ्या. तिथे घाई करू नका, पाच-सहा सेकंद नुसतं बघू द्या. शेवटी त्याच दाण्यांचं जेमतेम लिटरभर तेल बाटलीत आणि शेजारी पेंडीचा ढीग. तुमच्या घाण्यात उतारा वेगळा पडत असेल तर तुमचाच आकडा ठेवा, माझा नको. भाव का जास्त, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

सासूबाईंना बोलू द्या, पण पाठ करून नाही. लेकाने कॅमेऱ्यामागून विचारायचं, 'आजी, तुमच्या माहेरी तेल कसं काढायचे?' आणि गप्प बसायचं. त्या बोलतील त्यातली दोन वाक्यं पुरतात. हात कामात असू द्या, दाणे निवडता निवडता माणूस खरं बोलतो. तुम्हाला पडद्यावर यायचंच असेल तर तेल गाळताना या, न बोलता.

आवाजाचं सोपं आहे. बोलणं मोटर बंद करून घ्या, गाद्या-गोधड्या रचलेल्या खोलीत, म्हणजे घुमत नाही. कॉलरला लावायचा साधा वायरचा माईक मिळतो, तो घ्या. पण घाण्याचा आवाज वेगळा नक्की रेकॉर्ड करा, लाटेची ती करकर मला कुठल्याही संगीतापेक्षा मोलाची वाटते. इन्स्टाग्रामवर बिझनेस खातं असेल तर सिनेमाची बहुतेक गाणी वापरताही येत नाहीत.

आता पट्ट्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो आणि फोन सेकंदाला ३० फ्रेमने चित्र घेतो, तिथे मेळ बसत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने बदलायची सोय, असेल तर शटर स्पीड १/५० किंवा १/१०० ठेवा. नसेल तर सरळ ट्यूब बंद करा आणि सकाळी दुकानाचं शटर पूर्ण उघडून बाहेरच्या उजेडात घ्या. पडद्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस बऱ्याच फोनवर लॉक होतो, तो करा, नाहीतर लाट फिरेल तसं चित्र उजळत-काळवंडत राहील. लेन्स आधी पुसा. घाण्यावर फोनला तेलाचा हात लागलेलाच असतो आणि सगळं धुकट येतं.

नियमावली

अन्नसुरक्षेच्या कामात आहे म्हणून कळकळीने सांगते. हृदयविकार आणि सांधेदुखी हे शब्द आजच काढून टाका. जाहिराती आणि दाव्यांबाबतचे २०१८ चे नियम आहेत, खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असं त्यानुसार सांगता येत नाही. 'कोलेस्टेरॉलमुक्त'ही नको. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसल्यातच जमा असतं, मग ते तुमच्याच तेलाचं वैशिष्ट्य म्हणून सांगणं दिशाभूल ठरते.

आणखी एक. गिऱ्हाईक घरून कॅन घेऊन आलंय आणि तुम्ही त्यात तेल ओतताय, असं दृश्य घेऊ नका. राज्याने सूट दिली नसेल तर सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीला बंदी आहे. सीलबंद बाटली, लेबल आणि त्यावरचा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दिसू द्या. त्यानेच विश्वास बसतो.

करडईताई, बार्शी

मजकूर पूर्ण काढला. सासूबाई तयार आहेत, फक्त म्हणतात नवी साडी नेसते. लांबी किती ठेवू? आणि तेल ताजं असताना गढूळ दिसतं, ते दाखवू की निवळलेलं?

सिंहगड रोड

मी तुमच्यासारख्यांकडून तेल मागवणारा माणूस. माझं गाव आणि सासुरवाडी दोन्ही सोलापूर जिल्ह्यात, करडईच्या तेलाशिवाय भाजीला चव लागत नाही असं मानणारं घर. सासुरवाडीचा डबाही आमच्याच घरी येतो. आम्हाला व्हिडिओत तीन गोष्टी हव्या असतात: पाच लिटरचा भाव, पुण्यात कसं पोचवणार, आणि वाटेत गळलं तर काय. बहुतेक जण भाव लपवतात आणि 'इनबॉक्स करा' म्हणतात. मी तिथेच सोडून देतो. भाव बदलतो हे आम्हाला कळतं, तारीख टाकून लिहा.

गढूळ तेल जरूर दाखवा. पहिल्यांदा बाटलीच्या तळाशी गाळ दिसला तेव्हा आमच्या शेजाऱ्यांना भेसळ वाटली होती.

चौथा कॅमेरा, पंढरपूर

बरोबर बोललात. ताई, एकाच आकाराच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या, एकीत आजचं तेल, दुसरीत निवळलेलं. खिडकीत ठेवा, उजेड मागून येऊ द्या, करडईचा तो पिवळा रंग काय खुलतो बघा. खाली लिहा: गाळ बसायला दोन-तीन दिवस लागतात.

लांबी तीस सेकंद. गूगल मॅपवर दुकानाच्या पानाला तेवढाच व्हिडिओ चढतो, तोच सगळीकडे चालेल. तीस सेकंदांत मराठीत साठेक शब्दच नीट बसतात, त्यामुळे भाव आणि फोन नंबर बोलू नका, शेवटच्या चित्रावर ठळक लिहा. सासूबाईंचे शब्दही खाली अक्षरांत द्या, एसटीत बसलेला माणूस आवाज बंद ठेवून बघतो. फोन उभाच धरा. लेकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर फाइल दाबली जाते आणि तेलाची धार फुटकी दिसते.

आणि साडी नवी नको म्हणावं. रोज घाण्यावर नेसतात तीच.