जॅझचं दार काफी थाटातून उघडलं

अनोळखी संगीतप्रकारात शिरण्याआधी त्याचा इतिहास वाचावा, असं बरेच जण म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. जॅझ मला बरीच वर्षं नुसता गोंगाट वाटायचा. मग एका जॅझवेड्या मित्राने ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९चा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम ऐकायला दिला आणि एवढंच सांगितलं, "पहिल्या रचनेत कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) शोधू नकोस, राग ऐकतोस तसं ऐक."

ती रचना म्हणजे 'सो व्हॉट'. ३२ बारचं, म्हणजे चार-चार मात्रांच्या ३२ विभागांचं आवर्तन. पहिले १६ बार एकच डोरियन सप्तक, पुढचे ८ तेच अर्ध्या स्वराने वर, शेवटचे ८ पुन्हा मूळ जागी. आणि डोरियन म्हणजे आपला काफी थाट, गंधार-निषाद कोमल! हे कळलं आणि ट्रम्पेटचे स्वर एकदम ओळखीचे वाटू लागले. त्याच चमूतल्या सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनपर्यंत मग मी आपोआप पोचलो.

स्पेनच्या फ्लामेन्को संगीतासाठी असा धागा कुणी देईल का? सोलेआ या त्यातल्या प्रकाराच्या १२ मात्रा मोजता येतात, पण ३, ६, ८, १०, १२ वरचा जोर अजून अंगात भिनत नाही. कुठून सुरुवात करू?