मदत हवी आहे: डी 0.5 आला, तर परिणाम ‘मध्यम’ लिहायचा का?

शिरोळची लेक: करवीर आणि शिरोळ तालुक्यांतील ठिबकवरच्या व पाटपाण्यावरच्या उसाची मी टी-चाचणी (दोन सरासरींतील फरक तपासणारी चाचणी) केली. सरासरी अनुक्रमे एकरी 46 आणि 42 टन, पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.028, कोहेनचा डी (सरासरींतील फरक भागिले प्रमाण विचलन, म्हणजे प्लॉटांतील विखुरलेपणा) 0.5. मार्गदर्शक म्हणतात, ‘परिणाम मध्यम’ असे लिहून मोकळे व्हा; शेतकऱ्यांना मात्र एकरी चार टन मध्यम वाटत नाहीत. प्रबंधाचे प्रकरण परवा द्यायचे आहे, तेव्हा कृपया थेट उत्तर द्यावे.

आकडेमोड: प्लॉट किती आणि विचलन किती, हे कळल्याशिवाय थेट उत्तर कसे देणार?

शिरोळची लेक: दोन्हींकडे 40 प्लॉट, प्रमाण विचलन 8 टन.

पंचगंगाकाठ: हेजेसचा जी, म्हणजे डीचीच दुरुस्त आवृत्ती, वापरा. लहान नमुन्यात डी थोडा फुगतो आणि परीक्षक नेमके तेच विचारतात.

आकडेमोड: 80 प्लॉटांवर ती दुरुस्ती केल्यास 0.5 चे 0.495 होतील, एवढ्यासाठी ताईंना कशाला कामाला लावता? डीचे 95 टक्के विश्वास अंतराल (खरे मूल्य ज्या पल्ल्यात असावे असा अंदाज) सुमारे 0.05 ते 0.95 येते, म्हणजे खरा परिणाम नगण्यही असू शकतो आणि मोठाही. शिवाय जेकब कोहेन यांनी 0.2, 0.5 आणि 0.8 या खुणा सुचवल्या त्या वर्तनविज्ञानासाठी, आणि त्याही दुसरा आधार नसेल तेव्हापुरत्या.

मळेकरी: संख्याशास्त्र मला कळत नाही, पण यात आडसाली हंगामाचे प्लॉट किती आणि सुरू हंगामाचे किती? आणि ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात, तो खर्चही धरा.

शिरोळची लेक: ठिबकमध्ये 27 आडसाली, 13 सुरू, पाटपाण्यात 15 आणि 25. उंदरांचा माझ्या प्रश्नाशी संबंध नाही.

आकडेमोड: उंदरांचा नसेल, हंगामाचा मात्र नक्कीच आहे. दीड वर्ष उभा राहणारा आडसाली आणि वर्षभरात तुटणारा सुरू एकत्र मोजल्यामुळे विचलन फुगते. फरक चारच टन राहून हंगामांतर्गत विचलन 5 निघाले, तर तोच डी 0.8 होईल. त्याहून गंभीर बाब म्हणजे, ठिबकमध्ये आडसाली 12 प्लॉटांनी जास्त आहे. दोन हंगामांत एकरी 10 टनांचे अंतर असेल, तर 12/40 × 10, म्हणजे तुमच्या चार टनांपैकी तीन टन हंगामाचेच आहेत.

पंचगंगाकाठ: मग जी तरी कशाचा काढणार?

आकडेमोड: हंगाम हा घटक धरून उरलेल्या फरकाचा. ताई, तो फरक आणि त्याचे अंतराल आधी टनांत लिहा; डी त्याच्यानंतर.